स्त्रीची उंची कोण ठरवते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘स्त्रियांची सरासरी उंची व वजन’ हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शेतमालाचे भाव, पाण्याचे वाटप, कंत्राटी कामगारांचे प्रश्न हे आपले नेहमीचे विषय. उंची आणि वजन हे डॉक्टरचे काम, नाही तर शिंप्याचे, असे एका जुन्या मित्राने मला सकाळी चहाच्या वेळी ऐकवलेही. त्याला मी तेव्हा उत्तर दिले नाही. ते आता सर्वांसमोर देते.

गेल्या उन्हाळ्यात डोंगरकडेच्या एका गावी आरोग्य तपासणीच्या शिबिरात माझ्याकडे वजनकाटा आणि वही एवढेच काम होते. दुपारी रानातून परतणारी एक बाई डोक्यावरची सरपणाची मोळी भिंतीला टेकवून काट्यावर उभी राहिली. उंची १४८ सेंटिमीटर, वजन ३८ किलो. मी लिहून घेतले. ती उतरली आणि हसत म्हणाली, “ताई, माझं लिवलंत, आता हिचंबी लिवा की!” थट्टेवारी मोळी काट्यावर चढवली. ती भरली २२ किलो. भोवतालच्या बायका हसल्या, मीही हसले. रात्री वही उघडली तेव्हा मात्र लक्षात आले की, माझ्या वहीत बाईच्या वजनाला रकाना होता, मोळीच्या वजनाला नव्हता. स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भार ती रोज वाहते, आणि तिचे वजन कमी का, असा प्रश्न आपण तिला विचारतो! आजचे माझे सारे म्हणणे या एका रिकाम्या रकान्याबद्दल आहे.

प्रथम थोडे आकडे पाहू. भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या किंचित खाली आहे. दहांत एकीहून थोड्या अधिक स्त्रिया १४५ सेंटिमीटरच्याही आत आहेत. एवढ्या कमी उंचीच्या स्त्रीचे बाळंतपण अडण्याचा धोका वाढतो, म्हणून वैद्यकशास्त्र ही मर्यादा महत्त्वाची मानते. वजन नुसते पाहून चालत नाही, ते उंचीच्या प्रमाणात पाहावे लागते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो तो १८.५ च्या खाली असेल तर व्यक्ती कृश आणि २५ किंवा त्याहून वर असेल तर स्थूल, असा जागतिक संकेत आहे. आपल्या सरासरी उंचीच्या स्त्रीला हा हिशेब लावला, तर तिचे वजन निदान ४२.७ किलो हवे आणि ५७.८ किलोच्या आत राहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की, २००५-०६ साली १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३५.५ टक्के कृश होत्या. २०१५-१६ साली त्या २२.९ टक्के आणि २०१९-२१ साली १८.७ टक्के झाल्या. याच काळात स्थूल स्त्रिया १२.६ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेल्या. महाराष्ट्रात २०१९-२१ साली २०.८ टक्के स्त्रिया कृश आणि २३.४ टक्के स्थूल आढळल्या.

या आकड्यांकडे पाहताना ‘सरासरी’ या शब्दापासून सावध राहिले पाहिजे. एका बाईचे वजन ३८ किलो, दुसरीचे ६८. दोघींची सरासरी ५३, आणि कागदावर दोघीही ठणठणीत! कोणत्याही विषम समाजात सरासरी हा सत्ताधाऱ्यांचा आवडता आकडा असतो. १९६३ साली डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा प्रश्न उभा केला तो याच कारणाने. देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी सांगितले. सरकारचे उत्तर पंधरा आण्यांचे होते. सरासरीच्या पोटात कोण दडले आहे हे विचारण्याची ती परंपरा आपण उंचीच्या आणि वजनाच्या बाबतीतही चालवली पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भारतीय स्त्री ठेंगणी का? याचे सर्वांत सोयीचे उत्तर ‘वंशच तसा’ हे आहे. सोयीचे अशासाठी की, वंशाविरुद्ध मोर्चा काढता येत नाही. या उत्तरात थोडे तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. एकाच घरात, एकाच ताटात जेवलेल्या दोन बहिणींपैकी एक उंच आणि एक ठेंगणी निघते, ते बहुतांशी आनुवंशिकतेमुळे. परंतु एका समाजाची सरासरी दुसऱ्या समाजाहून पंधरा सेंटिमीटरांनी कमी का, किंवा एकाच समाजाची सरासरी शंभर वर्षांत एवढी कशी बदलली, याचा उलगडा आनुवंशिकतेने होत नाही. २०१६ साली जगातील सुमारे दोनशे देशांच्या उंचीचा शंभर वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची १८९६ ते १९९६ या काळात जन्मलेल्यांमध्ये २० सेंटिमीटरांनी वाढलेली आढळली. जगात इतकी वाढ दुसऱ्या कोणत्याही देशातील स्त्रियांची झाली नाही. कोरियन माणसाचे वंशबीज चार पिढ्यांत बदलले नाही. त्याचे अन्न, पाणी, रोगराई, शिक्षण आणि राहणी बदलली. त्याच अभ्यासात सर्वांत उंच स्त्रिया लॅटव्हियातील, सुमारे १७० सेंटिमीटरच्या, आणि सर्वांत ठेंगण्या ग्वाटेमालातील, सुमारे १४९ सेंटिमीटरच्या आढळल्या.

दुसरा पुरावा आपल्या अधिक जवळचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील अशी मुले निवडली की ज्यांना आईचे दूध, पुरेसा आहार आणि स्वच्छ परिसर लाभला होता. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. पाच वर्षांपर्यंत या सर्व मुलांची उंची जवळजवळ सारख्याच गतीने वाढली. म्हणजे दिल्लीतील सुखवस्तू घरातील मूल नॉर्वेच्या मुलाबरोबर वाढते, आणि त्याच घरात भांडी घासणाऱ्या बाईचे मूल मात्र मागे राहते. या दोन मुलांत वंशाचे अंतर नाही, वर्गाचे आणि जातीचे आहे.

या ठिकाणी एका जुन्या वादाची आठवण देणे मला आवश्यक वाटते, कारण त्या वादाचे एक केंद्र आपले पुणे होते. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० उष्मांक देणारे अन्न ज्याला परवडत नाही तो दरिद्री, अशी त्यांची कसोटी होती. पां. वा. सुखात्मे यांनी तिच्यावर आक्षेप घेतला. माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेते, तेव्हा सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण अर्धपोटी आहे असे म्हणता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. या वादाच्या सुमारास डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक पाऊल पुढे टाकले आणि गरीब देशांतील बहुतेक खुजी माणसे ‘लहान पण निरोगी’ आहेत असा सिद्धान्त मांडला. थोर पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी १९८३ साली त्याला सडेतोड उत्तर दिले. त्यांचा आशय असा की, लहान शरीर इतके हितावह असेल तर ते फक्त गरिबांसाठीच का राखून ठेवायचे? श्रीमंतांची मुले का उंच होऊ द्यायची?

सुखात्म्यांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्यांनी स्वच्छ पाणी आणि स्वच्छतेवर जो भर दिला तो पुढे खरा ठरला. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलीने खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. उघड्यावरची घाण आणि दूषित पाणी यांचा मुलांच्या उंचीशी संबंध आहे, हे नंतरच्या अनेक अभ्यासांतून दिसले आहे. मात्र शरीर जुळवून घेते या शास्त्रीय विधानाचा ‘मग गरिबाला कमी चालते’ असा राजकीय अर्थ काढणे आपण कधीही मान्य करता कामा नये. शरीर जुळवून घेते ते काही तरी गमावून. वाढत्या मुलीचे शरीर उंची गमावते. प्रौढ बाईचे शरीर ताकद गमावते. गर्भारशीचे शरीर बाळाचे वजन गमावते.

हे गमावणे केव्हा आणि कसे घडते, ते आता पाहू. उंची ठरते ती प्रामुख्याने आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. वयात येताना वाढीची आणखी एक संधी मिळते. त्यानंतर कितीही दूधतूप दिले तरी उंची वाढत नाही. प्रौढ स्त्रीची उंची म्हणूनच तिच्या बालपणीचा दाखला असतो, आणि वजन हा तिच्या चालू दिवसांचा. आपल्याकडे वाढीची ती दुसरी संधीही पुष्कळदा लग्नात हरवते. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेले आढळले. जिचे स्वतःचे हाड अजून वाढते आहे अशा मुलीला दिवस गेले, तर एका ताटातल्या अन्नावर दोन वाढत्या देहांचा हक्क येतो, आणि दोन्ही देह उणे राहतात.

पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ पासून पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन जगभर गाजले. त्या खेड्यांतील शेतकरी स्त्रियांची गर्भारपणापूर्वीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. मघाचा आपला हिशेब आठवा: या उंचीला किमान वजन ४२.७ किलो हवे. म्हणजे तेथील सरासरी बाईच कृशतेच्या रेषेखाली होती! त्यांच्या आहारातून दिवसाला सुमारे १,८०० उष्मांक मिळत. पूर्ण दिवसांच्या बाळाचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. या अभ्यासाचे दोन निष्कर्ष कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावेत असे आहेत. पहिला असा की, ज्या गर्भवतींच्या खाण्यात पालेभाज्या, फळे आणि दूधदुभते अधिक वेळा आले त्यांची बाळे अधिक भरलेली होती. नुसत्या उष्मांकांच्या बेरजेशी तसा संबंध दिसला नाही. दुसरा असा की, शेतातील आणि घरातील कष्टाचे काम ज्यांना गर्भारपणात अधिक पडले त्यांची बाळे वजनाने कमी होती.

हा दुसरा निष्कर्ष म्हणजेच माझ्या वहीतला रिकामा रकाना होय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला बैठ्या कामात १,६६० उष्मांक पुरतात, मध्यम कामात २,१३० लागतात आणि अतिश्रमाच्या कामात २,७२०. गर्भारपणात त्यावर आणखी ३५० आणि पहिल्या सहा महिन्यांच्या स्तनपानात ६०० ची भर. म्हणजे बैठ्या आणि कष्टाच्या कामात हजाराहून अधिक उष्मांकांचा फरक आहे. बाईचे श्रम घटवणे हा तिला अन्न देण्याचाच एक मार्ग आहे. घराजवळचा नळ, धूर न करणारी चूल, गिरणी आणि शौचालय या सोयी तिच्या अंगावरचे मांस वाचवतात. ऊसतोडीच्या हंगामात नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल घेतो नवरा, आणि बाई पहाटे भाकरी थापून फडात जाते, मोळ्या बांधते, वाहते, गाडीत चढवते. ती हिशेबात निम्मी आणि कष्टात दुप्पट. तिचे वजन भरणार कसे?

मित्रहो, येथवर मी समाजाकडे आणि शासनाकडे बोट दाखवले. आता थोडे घरात डोकावू, आणि त्यात आपलीही घरे आली. भारतातील माणसे आफ्रिकेतील अनेक गरीब देशांहून सुखवस्तू, तरी आपली मुले तेथील मुलांहून ठेंगणी, हे कोडे अभ्यासकांना दीर्घकाळ पडले होते. त्याचे एक उत्तर स्त्रीच्या स्थानात सापडते. डायेन कॉफी यांनी २०१५ साली दाखवून दिले की, गर्भ राहण्याच्या वेळी भारतातील ४२ टक्के स्त्रिया कृश असतात. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हे प्रमाण १६.५ टक्के आहे. आपल्या बायकांचे गर्भारपणात वाढणारे वजनही सरासरी सातच किलो निघाले. एकत्र कुटुंबांच्या अभ्यासात तर असे आढळले की, एकाच घरात राहणाऱ्या दोन जावांपैकी धाकटीची मुले थोरलीच्या मुलांहून ठेंगणी असतात. चूल एक, धान्य एक, आडनाव एक; फरक एवढाच की धाकटी सर्वांच्या शेवटी जेवते, सर्वांच्या आधी उठते, आणि घरात तिच्या शब्दाला वजन नसते. जिच्या शब्दाला वजन नाही तिच्या शरीरालाही वजन येत नाही, हे येथे अक्षरशः खरे ठरते. २०१७ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात भारतातील पहिली मुले आफ्रिकेतील पहिल्या मुलांहून कमी नसल्याचे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या अपत्यापासून उंची घसरत गेल्याचे दिसले. थोरल्या मुलाच्या ओढीशी या घसरणीचा संबंध संशोधकांनी जोडला आहे.

समतेवर दोन तास बोलून घरी आल्यावर वाढलेले ताट पुढे ओढणारा आणि आत किती उरले हे न विचारणारा कार्यकर्ता आपल्यातही आहे. हे मी रागाने म्हणत नाही. पण ते म्हणायचे राहिले तर हे भाषण अर्धवट राहील.

आता स्थूलतेविषयी. देशात कृश स्त्रियांहून स्थूल स्त्रियांची संख्या अधिक झाली, तेव्हा भुकेचा प्रश्न संपला, असा युक्तिवाद होऊ लागला आहे. तो फसवा आहे. २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची उणीव, म्हणजे रक्तक्षय आढळला. हे प्रमाण २०१५-१६ साली ५३ टक्के होते. वजन वाढले आणि रक्त घटले, याचा अर्थ पोट भरले पण पोषण झाले नाही. शहरातील झोपडपट्टीत वडापाव, बिस्किटाचा पुडा आणि गोड चहा स्वस्त आहे. डाळ, दूध, अंडे, फळ महाग आहे. शिधावाटपाचे धान्य तांदूळ आणि गहू यांच्यापलीकडे फारसे जात नाही. याज्ञिकांच्या संशोधनाने आणखी एक कटू सत्य दाखवले: आपली नवजात बाळे वजनाला हलकी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, आणि अशा देहाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. आईची उपासमार आणि मुलीचा मधुमेह या एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत.

प्रगती आपोआप होत राहील या भ्रमातही राहू नये. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००५-०६ ते २०१५-१६ या दहा वर्षांत १५ ते २५ वयाच्या तरुण स्त्रियांची सरासरी उंची किंचित घटली, आणि ही घट सर्वांत गरीब व आदिवासी स्त्रियांत अधिक होती. राष्ट्रीय उत्पन्न चढत असताना गरीब मुलीची उंची उतरते, याहून विकासाच्या वाटपावर बोलका शेरा कोणता असणार?

मग आपण मागायचे काय? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांच्या मातृत्वलाभाचा हक्क दिला. २०१७ साली आलेल्या केंद्राच्या योजनेने तो पाच हजारांवर आणि पहिल्या अपत्यापुरता आणून ठेवला. पुढे २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर लाभ, अशी भर पडली. कायद्याने दिलेले योजनेने कापले, याविरुद्ध आवाज उठवणे हे पहिले काम. महाराष्ट्रात २०१५ साली आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांसाठी अंगणवाडीत एक वेळचे गरम, चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू झाली. तिचे मोल मोठे आहे, कारण ते जेवण घरी नेऊन वाटले जात नाही. बाई ते स्वतः, बसून खाते. ही योजना ऊसतोडीच्या फडावर आणि शहराच्या झोपडपट्टीतही हवी. शालेय भोजनातील अंड्यांसाठीचा निधी २०२५ च्या जानेवारीत राज्य शासनाने थांबवला आणि शाळांना लोकवर्गणीचा मार्ग दाखवला. मुलीच्या वाढीच्या वयात तिच्या ताटातले अंडे काढून घेणे म्हणजे तिच्या उंचीतून काही काढून घेणे होय, हे गावोगाव सांगितले पाहिजे. शिधावाटपात डाळ आणि तेल, प्रत्येक वस्तीत पाणी, ऊसतोड कामगार बाईच्या नावावर तिची स्वतंत्र मजुरी आणि बाळंतपणाची भरपगारी सुट्टी या मागण्या याच विषयात येतात.

१९७२ च्या सुमारास महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. स्वयंपाकघरातला प्रश्न राजकीय आहे, हे त्यांनी लाटण्याने शिकवले. त्याच शिकवणीचा पुढचा धडा एवढाच की, स्वयंपाक करणारीच्या वाट्याला काय येते हाही प्रश्न राजकीय आहे.

सकाळच्या माझ्या मित्राला आता उत्तर देते. कपडा बेतण्यासाठी माप घेणे हे शिंप्याचे काम खरेच. पण माप कमी का भरले, हे शोधणे आपले काम आहे. पुढच्या शिबिरात वहीत नवा रकाना आखून जाऊ या: बाईचे वजन, आणि शेजारी ती रोज वाहते त्या भाराचे वजन. शंभर बायकांचे हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून आपण ते तहसीलदाराच्या टेबलावर ठेवू, आणि तेच आकडे आपल्या घरच्या जेवणाच्या पंगतीतही वाचून दाखवू.